राउटर कुठे आणि कसा बसवायचा? दुकानातला शेल्फ, वॉल रॅक आणि सुरक्षित फिटिंग



नवीन दुकान किंवा ऑफिस उभं करताना आपण फर्निचरवाल्याशी काउंटरच्या उंचीवरून वाद घालतो, बोर्डाचा रंग चार वेळा बदलतो, लाइटिंगचे पंचवीस फोटो बघतो. आणि राउटर? कनेक्शन द्यायला आलेल्या मुलाला जिथे सॉकेट सापडलं, तिथे तो लागतो. कधी फ्रीजच्या डोक्यावर, कधी देवाच्या फोटोशेजारी, कधी काउंटरखाली झाडूच्या बाजूला. पुढची पाच वर्षं तो तिथेच असतो.

आजच्या व्हिडिओत आपण फिटिंग बघितलं. व्हिडिओ थांबवत थांबवत मापं लिहून घेणं अवघड जातं, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. काम तुम्ही स्वतः करा किंवा माणूस बोलवा, पण काय बरोबर आणि काय चूक हे मालकाला माहीत असलंच पाहिजे. कारण बिल आपण भरतो.

आधी धंद्याचा हिशोब

बऱ्याच जणांना वाटतं, "इंटरनेट गेलं तर काय, यूपीआय तर ग्राहकाच्या मोबाइलवर चालतं." बरोबर आहे. क्यूआर कोड ग्राहक स्वतःच्या डेटावर स्कॅन करतो, साऊंडबॉक्समध्येही बऱ्याचदा सिम असतं. पण तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर ऑनलाइन असेल, ऑर्डरचा टॅब वाय-फायवर असेल, किचनमधला प्रिंटर नेटवर्कवर असेल, कॅमेरे मोबाइलवर बघत असाल, तर हे सगळं त्या एका डब्यावर उभं आहे.

समजा तुमचं छोटं कॅफे आहे. शनिवारी संध्याकाळी तासाला २० ऑर्डर, सरासरी बिल ३०० रुपये. म्हणजे तासाला ६,००० चा धंदा. त्यातला निम्मा ऑनलाइन ऑर्डरचा धरला, तर राउटर दोन तास बंद म्हणजे ६,००० रुपये गेले. एका शनिवारचे! आता स्वतःच्या दुकानाचे आकडे टाकून हाच हिशोब कागदावर करा. मग चांगला शेल्फ किंवा रॅक "फालतू खर्च" वाटणार नाही.

आणि हा फक्त पैशांचा विषय नाही. सैल प्लग, ओव्हरलोड झालेला एक्स्टेन्शन बोर्ड, डोक्यावर कसाबसा टांगलेला लोखंडी रॅक, यातून आग लागू शकते, शॉक बसू शकतो, कुणाच्या डोक्यात पडू शकतं. दुकानात कामाला असलेला मुलगा ही आपली जबाबदारी आहे.

शेल्फ घ्यायचा की रॅक?

उगाच खर्च करू नका. डबे मोजा.

- फक्त फायबरचा राउटर, फार तर एक छोटा स्विच: साधा शेल्फ पुरेसा आहे.
- राउटर, स्विच आणि कॅमेऱ्याचा एनव्हीआर: जाळीचा किंवा उघडा शेल्फ चालेल, पण जागा ऐसपैस हवी.
- चार किंवा जास्त उपकरणं, पॅच पॅनेल, दहा-बारा केबल, किंवा ग्राहकांचा हात पोहोचेल अशी जागा: भिंतीवरचा रॅक घ्या.

रॅक घेताना दोन मापं कळली पाहिजेत. पहिलं, रुंदी. स्टँडर्ड रॅक १९ इंची असतो, म्हणजे उपकरणाची पुढची पट्टी कानांसकट ४८२.६ मिलिमीटर. दुसरं, उंची. ती "यू" मध्ये मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच, म्हणजेच ४४.४५ मिलिमीटर. ६ यूचा रॅक म्हणजे आत साधारण साडेदहा इंच उंचीची जागा.

आता हिशोब करा. पॅच पॅनेल १ यू, स्विच १ यू, राउटर ठेवायला ट्रे आणि त्यावरची जागा मिळून २ यू. झाले ४. हवा खेळायला १ यू रिकामा. झाले ५. म्हणजे ६ यू घेतला तर पुढच्या वाढीला जेमतेम १ यू उरतो. दोन वर्षांत कॅमेरे वाढवायचे असतील तर आत्ताच ९ यू घ्या. रॅक बदलण्यात सगळी केबल उसवावी लागते, आणि ती मजुरी डोक्याला ताप असते.

खोलीही तपासा. उपकरणाची लांबी, मागचे प्लग आणि केबलची वळणं मिळून माप काढा. नाहीतर दरवाजा लागत नाही आणि केबल दाबली जाते.

एक महत्त्वाची गोष्ट: लोखंड आणि वाय-फाय

लोखंडी बंद रॅक वाय-फायचा सिग्नल अडवतो. वाय-फायवाला राउटर रॅकमध्ये कोंबला आणि नंतर "रेंजच येत नाही" अशी तक्रार केली, तर तो राउटरचा दोष नाही. दोन मार्ग आहेत. एक, रॅकमध्ये फक्त स्विच, एनव्हीआर, पॅच पॅनेल ठेवा आणि वाय-फाय राउटर बाहेर शेल्फवर लावा. दोन, राउटर आत ठेवा, त्याचं वाय-फाय बंद करा आणि छतावर किंवा भिंतीवर वेगळा ॲक्सेस पॉइंट लावा. मोठ्या दुकानाला दुसरा मार्ग चांगला.

जागा निवडताना

साधारण डोक्याच्या थोडं वर, पण स्टुलावर चढून हात पोहोचेल इतक्या उंचीवर लावा. लाइट बघता आले पाहिजेत आणि केबल काढता आली पाहिजे. या जागा टाळा:

- देवाच्या फोटोचा शेल्फ. दिवा, अगरबत्ती, हार, पाण्याचा तांब्या आणि वीज एका फळीवर नको. देवासाठी वेगळी फळी, राउटरसाठी वेगळी.
- बेसिन, पाण्याची पाइपलाइन, एसीचं इनडोअर युनिट यांच्या खाली. एसीचा ड्रेन तुंबला की पाणी सरळ खाली येतं.
- शेगडी, तवा, फ्रायर यांच्याजवळ. तेलकट वाफ जाळीवर बसते, त्यावर धूळ चिकटते आणि हवा बंद होते.
- दुपारचं ऊन थेट पडणारी भिंत, किंवा शटरच्या आत लगेच असलेली पत्र्याची बाजू.
- जमिनीलगत. पावसाळ्यात पाणी शिरलं, फरशी पुसताना बादली सांडली की खेळ खलास.

आपल्या भागाचाही विचार करा. कोकणात आणि गोव्यात दमट हवा असते, ओल येणारी भिंत असेल तर रॅक तिथे नको. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे पत्र्याच्या शेडखाली छताजवळची जागा म्हणजे भट्टीच. इचलकरंजीसारख्या ठिकाणी मागाचं युनिट असेल किंवा तुमची पिठाची गिरणी असेल, तर उडणारे तंतू आणि पीठ यांच्यापासून दूर, ऑफिसच्या केबिनमध्ये उपकरणं घ्या.

उष्णता: सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा

छोट्या राउटरच्या माहितीपत्रकात साधारणपणे ० ते ४० अंश असं चालण्याचं तापमान दिलेलं असतं. हे तापमान उपकरणाच्या आजूबाजूच्या हवेचं आहे. बंद रॅकमधली हवा खोलीपेक्षा नेहमी जास्त गरम असते. खोलीत ३६ असेल तर रॅकमध्ये ४० सहज ओलांडेल.

ॲडॉप्टरवर लिहिलेले आकडे वाचायला शिका. व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे वॉट. राउटर १२ व्होल्ट, १.५ अँपियर: १८ वॉट. स्विच ९ व्होल्ट, ०.६ अँपियर: साडेपाच वॉट. एनव्हीआर १२ व्होल्ट, २ अँपियर: २४ वॉट. बेरीज साधारण ४८ वॉट. ही कमाल क्षमता आहे, प्रत्यक्ष वापर कमी असतो. पण वापरलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते. जुना पिवळा ४० वॉटचा बल्ब बंद कपाटात दिवसभर चालू ठेवाल का? नाही ना. मग राउटरलाही लाकडी ड्रॉवरमध्ये कोंडू नका.

नियम सोपे आहेत:

१. उपकरणाच्या जाळीसमोर चार-पाच सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा. माहितीपत्रकात जास्त सांगितली असेल तर तेवढी.
२. एकावर एक डबे रचू नका. खालचा वरच्याला भाजतो.
३. राउटरवर बिलबुकं, रुमाल, प्लॅस्टिकचं कव्हर काहीही ठेवू नका. "धूळ बसू नये म्हणून" कपडा टाकणारे खूप आहेत. धूळ महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने काढा, बंद करून.
४. रॅकमध्ये पंखा असेल तर तो गरम हवा बाहेर टाकतोय ना, हे कागदाचा कपटा धरून बघा.

भिंत आणि भोक

रॅक पडतो तो बहुतेक वेळा रॅकमुळे नाही, भिंतीमुळे. रिकामा ६ यूचा रॅकसुद्धा दहा-बारा किलोंचा असू शकतो. त्यात उपकरणं आणि केबल आली. म्हणून आधी भिंत कसली आहे ते बघा.

विटेच्या किंवा काँक्रीटच्या पक्क्या भिंतीत योग्य मापाचे अँकर फास्टनर बसतात. सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी सैल होते, त्यासाठी त्याच ब्लॉकचे खास अँकर मागून घ्या. जिप्सम किंवा प्लायचं पार्टिशन असेल तर रॅक त्यावर टांगूच नका. आतल्या चौकटीला पकड मिळत असेल तर हलका शेल्फ चालेल, रॅक पक्क्या भिंतीवरच.

फास्टनर नुसत्या प्लास्टरमध्ये बसून चालत नाही, वीट किंवा काँक्रीट पकडलं पाहिजे. भोक पाडल्यावर आतला भुसा काढा. लेव्हल लावा. रॅकच्या मागे जेवढी भोकं दिली आहेत तेवढे सगळे बोल्ट लावा. "दोन पुरेत, साहेब" हे ऐकून घेऊ नका.

आणि ड्रिल लावण्याआधी एक गोष्ट: स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका. आत लपलेली वायर साधारण त्याच रेषेत जाते. पाण्याच्या नळाच्या बाबतीतही तेच.

वीज: इथे तडजोड नाही

सॉकेट राउटरच्या जवळ, थ्री-पिन आणि घट्ट असावं. एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरं एक्स्टेन्शन लावू नका. ज्या बोर्डवर राउटर आहे त्यावर मिक्सर, इस्त्री, फ्रीजर लावू नका. नवीन पॉइंट काढायचा असेल तर परवानाधारक वायरमनकडूनच काढून घ्या. ते काम व्हिडिओ बघून करायचं नाही, माझाही नाही.

लोखंडी रॅकला अर्थिंग द्या. रॅकमध्ये त्यासाठी बोल्ट दिलेला असतो, तिथून हिरवी वायर अर्थिंगला जोडायची. दुकानातलं अर्थिंग खरंच चालू आहे का, हे वायरमनला मीटरने तपासायला सांगा. फेज ते अर्थ साधारण २३० व्होल्ट आणि न्यूट्रल ते अर्थ अगदी कमी, दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त येत असेल तर आधी ते दुरुस्त करा. रॅकला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. "थोडंसं लागतं" असं काही नसतं.

ॲडॉप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची प्लस-मायनस बाजू तीच. पिन बसली म्हणजे ॲडॉप्टर चालला असं नाही.

बॅकअप हवा असेल तर फक्त राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस सोयीचा. एनव्हीआरसकट सगळं चालवायचं असेल तर मोठा यूपीएस. छोट्या यूपीएसमध्ये बऱ्याचदा १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-अवर. प्रत्यक्षात हातात निम्म्याहून थोडी जास्तच लागते, म्हणजे ४८ वॉटच्या लोडला एक तास धरून चाला. यूपीएस जड असतो, तो रॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका. खाली, पण जमिनीपासून वर उचललेल्या फळीवर ठेवा.

शेल्फवर बसवताना

१. शेल्फ सपाट आणि राउटरपेक्षा चारही बाजूंनी मोठा हवा.
२. राउटरचे रबरी पाय काढू नका. ते घसरू देत नाहीत आणि खालून हवा जाऊ देतात.
३. भिंतीवर टांगायचा असेल तर मागे किल्लीच्या आकाराची भोकं असतात. दोन्हींमधलं अंतर कागदावर छापून घ्या, कागद भिंतीवर चिकटवा आणि खुणा करा. स्क्रूचं डोकं थोडं बाहेर ठेवून राउटर अडकवा.
४. डबल टेपने ॲडॉप्टर किंवा राउटर चिकटवू नका. उन्हाळ्यात टेप सुटतो.
५. ॲडॉप्टर सॉकेटमध्ये लोंबकळत नको. तो जड असेल तर सॉकेट सैल होतं आणि ठिणगी पडते.

रॅकमध्ये बसवताना

१. जड वस्तू सगळ्यात खाली, हलक्या वर.
२. रॅकच्या पट्टीत प्रत्येक यूला तीन भोकं असतात. नीट बघा, सगळ्या भोकांमधलं अंतर सारखं नसतं. जी दोन भोकं एकमेकांच्या जास्त जवळ आहेत, त्यांच्या मधोमध एक यू संपतो आणि दुसरा सुरू होतो. इथे एक भोक चुकलं की पुढचं उपकरण बसत नाही.
३. केज नट स्प्रिंगचा असतो, बोटाला चावतो. त्याचं छोटं टूल मिळतं, ते वापरा.
४. जड उपकरण एकट्याने लावू नका. एकाने खालून धरायचं, दुसऱ्याने आधी खालचे स्क्रू लावायचे, मग वरचे.
५. कान नसलेला राउटर ट्रेवर ठेवा. वरच्या उपकरणावर त्याचं वजन टाकू नका.

केबलची शिस्त

कॅट-६ केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. डेटा केबल आणि लाइटची वायर एकाच पाइपमधून नेऊ नका. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. केबल घट्ट आवळणाऱ्या टायपेक्षा वेल्क्रोची पट्टी बरी. थोडी केबल गोल गुंडाळून शिल्लक ठेवा, पुढे उपकरण सरकवायला लागते.

फायबरची बारीक केबल काचेची असते. तिला दुमडू नका, खिळ्याला बांधू नका, वळण ऐसपैस ठेवा. आणि निघालेल्या फायबरच्या टोकात कधीही डोकावून बघू नका. त्यातला लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं समजू नका.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावा: "बिलिंग", "कॅमेरा २", "किचन प्रिंटर". केबल जिथे भिंतीतून आत येते ते भोक बुजवा, उंदीर आणि झुरळं तिथूनच येतात.

काम करताना

उपकरणं बंद आणि प्लग काढलेले असावेत. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. हात कोरडे हवेत. विजांचा कडकडाट चालू असेल तर केबलला हात लावू नका, खास करून गच्चीवरच्या किंवा बाहेरच्या कॅमेऱ्यातून येणाऱ्या केबलला. आपल्याकडे मे-जूनमधल्या वळवाच्या पावसात असे प्रसंग भरपूर येतात.

पैसे देण्याआधी ही यादी तपासा

- रॅक किंवा शेल्फ हाताने दाबल्यावर हलतो का?
- सगळे बोल्ट लागलेत का?
- अर्थिंगची वायर जोडली आणि मीटरने तपासली का?
- जाळीसमोर जागा मोकळी आहे का?
- प्लग घट्ट आहेत का? एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन नाही ना?
- केबलना लेबल आहे का?
- दुकान पूर्ण चालू असताना दोन तासांनी उपकरणांना हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर हवा कमी पडतेय.
- वाय-फाय काउंटरपासून किचनपर्यंत येतं का?

सगळं झालं की मोबाइलवर समोरून आणि आतून फोटो काढा. बिल धंद्याच्या नावाने घ्या. तुम्ही नियमित जीएसटीमध्ये असाल तर त्यावर जीएसटी नंबर टाकून घ्या, कारण भरलेल्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. किती ते तुमच्या सीएंना विचारा. दुकानाचा विमा असेल तर हेच फोटो आणि बिलं क्लेमच्या वेळी कामाला येतात.

शेवटचं काम: एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, "नेट गेलं तर आधी काय बघायचं." लाइट, प्लग, मग राउटर बंद करून थोड्या वेळाने चालू, आणि तरीही नाही आलं तर कुणाला फोन करायचा. तो कागद रॅकच्या दारावर चिकटवा. तुम्ही गावाला गेलेले असाल तेव्हा काउंटरवरची ताई किंवा दादा त्यावरून काम चालवू शकले पाहिजेत. दुकान मालकाशिवाय एक दिवस चालणं, हीच तर धंदा वाढवायची पहिली पायरी आहे.

या रविवारी दुकान बंद असेल तेव्हा एक तास काढा आणि वरची यादी हातात घेऊन तुमच्या राउटरसमोर उभे राहा. तीन गोष्टी तरी दुरुस्त करण्यासारख्या सापडतील. पुढच्या भागात आपण यूपीएस आणि इन्व्हर्टर यांच्यापैकी दुकानाला काय परवडतं, याचा पूर्ण हिशोब मांडू. तोपर्यंत धंदा जोरात चालू दे!